सात नंबरची रेघ

"सोड गं हात! पाणी काय चावतंय होय तुला?"

हा आवाज ऋजुताच्या कानात अजून ओला होता. किती वर्षं लोटली, तरी. तेव्हा ती तलावाच्या उथळ बाजूचा गज दोन्ही मुठींत आवळून उभी होती, आणि चार हात पुढे, छातीभर पाण्यात, शर्वरी हसत होती. "सोड! मी आहे ना!" ऋजुतानं हात सोडला आणि दगडासारखी तळाला गेली. नाकातोंडात पाणी. मग काखेत दोन हात शिरले आणि तिला वर घेऊन आले. वर आल्यावर पहिलं दिसलं ते शर्वरीचं हसू. त्या दिवसापासून ऋजुताला पोहणं तर यायला लागलंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट मनात घर करून बसली: हिच्यासारखं व्हावं. पाण्यात शिरताना पाणी जिला वाट करून देतं, अशी ही.

पुढे शर्वरी आजारानं गेली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी शर्वरीच्या नवऱ्याशी, निनादशी, ऋजुतानं लग्न केलं. साताऱ्यात कुणी नाक मुरडलं नाही. उलट बायका म्हणाल्या, चांगलं झालं, एकटा पडला होता बिचारा. शर्वरीच्या आईनं, माईंनी, स्वतः ऋजुताची ओटी भरली. सगळ्यांनी तिला जवळ केलं. जवळ केलं नाही ते एकानंच, आणि तो होता तलावाचा फिल्टर.

तलाव महिला जलतरण मंडळाचा. निनाद तिथली यंत्रं सांभाळायचा. ऋजुता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि मंडळाची चिटणीस होती. ओळीनं पडलेले दुष्काळ सरले तेव्हा सरकारनं नियमच करून टाकला होता: पोहण्याचा तलाव एकदा भरायचा, मग पाणी बदलायचं नाही. उन्हानं उडेल तेवढंच वर घालायचं. तेच पाणी क्लोरीनवर किती दिवस रेटणार? डोळे झोंबायचे, केसांचा खराटा व्हायचा. म्हणून जिवंत फिल्टर आले. टाकीत वाळूच, पूर्वीसारखी; पण वाळूच्या वरच्या थरावर मुद्दाम घडवलेल्या जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर वाढवलेला. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. मंडळातल्या बायका त्याला साय म्हणायच्या. माणूस पाण्यात उतरला की त्याच्या अंगचं तेल, घाम, सुटलेली कातडी, कातडीवरचे त्याचे स्वतःचे जंतू, सगळं पाण्यात मिसळतं. साय ते खाते आणि पाणी निवळशंख करून परत सोडते.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण प्रत्येकाच्या अंगचं हे मिश्रण निराळं असतं, आणि साय शिकते. जी बाई रोज येते, तिचं मिश्रण पचवणारे जिवाणू सायीत वाढतात. ती रोज ठरल्या वेळी आली, तर ते तिच्या आधीच तयारीला लागतात. जेवायची वेळ झाली की पान वाढलेलं नसतानाही तोंडाला पाणी सुटतं, तसं. पंपघरातल्या स्क्रीनवर प्रत्येक सभासदाची नंबरानं एक रेघ होती. बाई यायच्या थोडं आधी तिची रेघ वर चढायची. कंपनीच्या भाषेत ही 'पूर्वतयारी'. मंडळात मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या म्हणत आल्या, "फिल्टर वाट बघतोय."

एका गावी तर म्हणे सुनेची रेघ अचानक वेगळीच चालायला लागली, आणि तिनं नवऱ्याला सांगायच्या आधी सासूनं स्क्रीन बघून पेढे वाटले. असल्या भानगडी वाढल्या तसे कंपनीनं नवे फिल्टर काढले. त्यांची साय रोज रात्री आपोआप कोरी होते. कुणाला ओळखत नाही, कुणाची वाट बघत नाही.

मंडळाचा फिल्टर जुना होता. तो ओळखायचा. सात नंबर शर्वरीचा होता, आणि शर्वरी जाऊन इतका काळ झाला तरी पहिल्या बॅचच्या आधी, दिवस फटफटताना, सात नंबरची रेघ वर चढायची.

निनाद रोज त्या वेळी पंपघरात जाऊन उभा राहायचा. ऋजुतानं ते काचेतून किती वेळा पाहिलं असेल. हात मागे बांधलेले, मान जराशी वर. रेघ चढली की त्याचा चेहरा सैल व्हायचा. मग तो दारात यायचा, तलावाकडे बघून हळूच मान हलवायचा आणि कामाला लागायचा. घरी चहाचा कप त्याच्या हातात देताना ऋजुता तो चेहरा शोधायची. कप घेताना तो म्हणायचा, "थँक यू हं." चांगला माणूस. पण तो चेहरा घरी कधी आला नाही.

ऋजुताचा नंबर एकतीस. कॉलेजच्या तासांमुळे तिची यायची वेळ कधी ठरलेली नसायची, म्हणून तिची रेघ पट्टीनं मारल्यासारखी आडवी. एका थंडीत तिनं मनावर घेतलं. रोज पहिल्या बॅचला हजर. दात वाजत असताना पाण्यात उडी. साबण बदलला, अंगाला उटणं लावलं, जेवणातली मेथी वाढवली. वासाच्या जोरावर तरी ओळख पटेल म्हणून. निनाद म्हणाला, "अगं, सर्दी होईल." थंडी संपता संपता एकतीस नंबर हलला. मुंगीनं मान वर करावी एवढाच. शेजारी सात नंबर डोंगरासारखा उभा. ऋजुताला आपलंच हसू आलं. पन्नाशीकडे निघालेली बाई एका वाळूच्या टाकीवर रुसली होती. सांगणार कुणाला?

त्या थंडीत तिला सोबत असायची ती माईंची. माई पोहायच्या नाहीत. शर्वरी पोहायची तेव्हा त्या बाकावर टॉवेल घेऊन बसायच्या. शर्वरीचं दिवसकार्य झालं, आणि दुसऱ्या सकाळी त्या पहिल्यांदा तलावाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून. तेव्हापासून रोज. बसल्या बसल्या गुणगुणायच्या:

तेल लावू लेकीला, केस कमरेच्या खाली,
पाणी म्हणतं पाण्याला, सई तुझी गं आली.

जात्यावरच्या चालीवर जुळवलेलं, त्यांचं स्वतःचं. ऋजुता पाण्यातून ऐकायची आणि तोंड पाण्याखाली घालायची. खाली तरी ती ओवी पोचत नसे.

फिल्टर म्हातारा होत चालला होता. आधी दाबाचा काटा चढला. मग पाण्यावर ताकाच्या निवळीसारखी झाक यायला लागली. मंडळाच्या अध्यक्षा घोरपडेकाकू म्हणाल्या, "कंपनीतून कुणाला तरी बोलवा बाई. तळ दिसेना झालाय. उद्या कुणाची अंगठी पडली तर?"

कंपनीतून फरझाना आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, तोंड सतत चालू. तिनं टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावली आणि शिट्टी मारली.

"वाळूचे लाडू झालेत की वो ताई! तेलानं. कुणीतरी भरपूर तेल लावून उतरतंय. आणि खालच्या चाळणीच्या नळ्या दोन ठिकाणी चिरल्यात."

"दुरुस्त होईल?" निनादनं घाईनं विचारलं.

"होईल की. नळ्या बदलायच्या, वाळू धुवायची, आणि धुवायच्या आधी साय अलगद काढून ठेवायची. मग विरजण लावल्यासारखी परत लावायची. दही जमायला वेळ लागतो, तसा महिना जाईल. नाहीतर अख्खा नवीन बसवा, दोन दिवसांत पोहायला लागाल. मी दोन्ही करते, मला काय!"

"विरजणच लावू," निनाद म्हणाला.

निनाद नळ्या बघायला खाली वाकला तसं ऋजुतानं फरझानाला बाजूला घेतलं. "एक विचारू? माणूस यायचा थांबला, तर साय किती दिवस त्याला लक्षात ठेवते?"

"खायला नसेल तर? दोन-तीन महिने फार झाले. त्या जातीचे जिवाणू उपाशी मरतात हो, ताई. आम्ही आधी सांगायचो, कायम लक्षात ठेवते म्हणून. ते जाहिरातीतलं."

"मग एखादी रेघ वर्षानुवर्षं चढतच असेल तर?"

फरझाना हसली. "तर कुणीतरी तिला रोज जेवायला घालतंय."

ऋजुताची नजर पंपघरातल्या फळीवर गेली. पाने, वॉशर, ग्रीसचा डबा, आणि त्यांच्यामागे तेलाची बाटली. नागरमोथा, कचोरा, जास्वंद घालून माई घरी उकळायच्या ते तेल. शर्वरीच्या केसांचं. बाटली निम्मी रिकामी होती.

आता तिला सगळं कळलं. कळलं असं तिला वाटलं. तो रोज नुसता बघायला येत नव्हता. तो त्या रेघेला जेवायला वाढत होता. पहाटे उठून, बायको झोपलेली असताना, आपल्या पहिल्या बायकोला तेल घालत होता. रसायन शिकवणाऱ्या बाईला एवढं तरी सुचायला हवं होतं की नुसत्या तेलानं माणसाची रेघ उभी राहत नाही. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात रसायन नव्हतं.

त्या संध्याकाळी भाजी चिरताना तिनं विचारलं, "नवीन का नको रे तुला?"

"चालणारी वस्तू कशाला टाकायची?"

"एवढंच?"

त्यानं मान वर केली. "अजून काय असणार?"

"काही नाही. दोडका आवडतो ना तुला? शर्वरी करायची तसा करते. दाण्याचं कूट घालून."

"तू करतेस तसा कर की."

"मी करते तसा तू कधी मागून घेतलायस?"

निनाद गोंधळला. त्याला भांडण दिसत होतं, पण त्याचं टोक कुठे आहे ते दिसत नव्हतं. "ऋजू, झालंय काय?" ती म्हणाली, "कांदा आहे." चिरत होती दोडका.

मंडळाची सभा तलावाकाठीच झाली, खुर्च्या मांडून. निम्म्या जणी दुरुस्तीच्या बाजूच्या, निम्म्या नव्याच्या. चिटणीस म्हणून ऋजुता बोलायला उठली. नव्या सायीची सुरक्षितता, सभासदांचं खासगीपण, पाण्याची झाक, लहान मुलींची बॅच. एकेक शब्द घासून-पुसून मांडला. एकही खोटा नव्हता आणि एकही खरा नव्हता. घोरपडेकाकू म्हणाल्या, "आपली ऋजुता शिकलेली आहे, ती म्हणते तर नवाच घेऊ." हात वर झाले.

निनाद मागे उभा होता. माई मात्र उठून ऋजुताजवळ आल्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल पोरी. तुमची पोरांची विद्या मोठी." आणि काही वेळानं, खालच्या आवाजात, "जुनी साय काढतात तेव्हा तिचं काय करतात गं?"

"उकळतात, माई. मग ओतून देतात."

माईंनी मान हलवली. हात सोडला नाही. ऋजुतालाच तो सोडवून घ्यावा लागला.

काम सुरू झालं त्या सकाळी पंप बंद होता. तलाव इतका गप्प ऋजुतानं कधी पाहिला नव्हता. दोन कामगार टाकीत उतरायची तयारी करत होते. बाहेर मोठ्या पातेल्याखाली शेगडी पेटवून ठेवलेली. निनाद स्क्रीनसमोर उभा होता, पाठमोरा. ऋजुताला वाटलं होतं, आज आपल्याला हलकं वाटेल. सवत घरातून निघाल्यासारखं. पण ती शेगडीकडे पाठ करून उभी राहिली.

फरझाना वास घेणारं आपलं यंत्र सायीवर धरून बसली होती. उकळायच्या आधी साय तपासायची त्यांची पद्धत. यंत्रानं चिरचिर आवाज केला तशी ती बडबडायला लागली.

"एकतीस नंबर कोण वो? मेथी खातं वाटतं लई." मग थांबली. "आणि हा सात नंबर! केवढा पोसलाय! हा काय नुसत्या बाटलीतल्या तेलानं पोसलेला नाही. अंगाला लागून उतरलेलं तेल आहे हे, आणि अंग म्हातारं आहे."

"म्हातारं?" ऋजुता म्हणाली.

"होय की. वयाबरोबर कातडीचं तेल बदलतं, ताई. साठीच्या पुढे एक नवीनच वास येतो त्याला. आजीच्या गोधडीला येतो बघा, तो. सात नंबरमध्ये तो ठासून भरलाय. मंडळाच्या यादीत तर सात नंबरला तरुण बाई लिहिलीय, वारलेली. तिची नाही ही. तिच्याच घरातली असेल कुणीतरी. आईची नि लेकीची कातडी, एकच तेल, एका घरातले जंतू... सायीची गल्लत होते कधी कधी. आधीच्या ताटावर दुसरीलाच जेवायला बसवते."

ऋजुता फळीकडे वळली. बाटली तिथे नव्हती. ती पायऱ्यांवर होती, माईंच्या शेजारी. माई वाटीत तेल काढून सुजलेल्या गुडघ्यांना लावत होत्या, रोजच्यासारखं, हळूहळू, पोटऱ्यांपर्यंत. मग त्यांनी पाय पाण्यात सोडले. त्यांच्या घोट्याशीच फिल्टरकडे पाणी ओढून नेणारी जाळी होती.

निनाद दारात आला. माईंनी रोजच्यासारखी मान वर केली. "आली का रे?"

तो रोज मान हलवायचा ती कुणासाठी, ते ऋजुताला आत्ता दिसलं. आज ती मान हलली नाही. पंपच बंद, रेघ कुठून चढणार? कामगारानं फावडं टाकीत सोडलं.

ऋजुता गप्प राहिली असती तरी चाललं असतं. दोन दिवसांत कोरा फिल्टर बसला असता. शर्वरी सभेच्या ठरावानं गेली असती, सगळ्यांच्या साक्षीनं, आणि निनादला पहाटे उभं राहायला जागाच उरली नसती. किंवा आत्ताच ओरडून सांगावं दोघांना: ती नाहीये तिथे, कधीचीच नाहीये! किती दिवस हे वाक्य तिला हवं होतं. आता ते हातात आलं होतं, धार लावून. तिनं माईंकडे पाहिलं. त्या अजून तोंड वर करून उत्तराची वाट बघत होत्या.

"फावडं थांबवा," ती कामगारांना म्हणाली. "साय उकळायची नाही. फरझाना, विरजणाला लागते तशी सांभाळून ठेव."

"ताई, पण ठराव..."

"मी बघते ठरावाचं."

ती पायऱ्यांवर जाऊन बसली. सलवार गुडघ्यांपर्यंत वर ओढली आणि माईंच्या पायांशेजारी आपले पाय सोडले. पाणी थंडगार होतं.

"माई, सात नंबर शर्वरी नाही."

"ऋजुता!" निनाद दारातून पुढे आला.

"बोलू दे मला. माई, शर्वरी गेली, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पाण्यातूनही गेली असती. सायीला एवढंच लक्षात राहतं. पण तुम्ही इथे येऊन बसलात. तुमचं तेल तिचंच, तुमचं अंग तिच्या अंगासारखं. सायीची गल्लत झाली."

माईंनी पाण्यातले पाय हलवले, परक्याचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले, ते पदरानं पुसले नाहीत.

"म्हणजे शरू रोज येत नव्हती."

"नाही, माई."

"मग हा रोज मान हलवायचा ती कुणासाठी?"

"त्यालाही ठाऊक नव्हतं. रेघ तुमची होती. इतकी वर्षं तुम्ही यायच्या आधी ते पाणी तुमच्यासाठी तयार होऊन बसायचं."

"माझी?" माईंच्या तोंडून रडण्याच्या मधूनच एक हसू फुटलं. "माझी गं कशाला बघेल कोण वाट? जळलं मेलं पाणी." आणि तरी त्यांनी पाय काढून घेतले नाहीत, उलट एक पायरी खाली सरकल्या, लुगड्याचा काठ भिजला तरी. हात ऋजुताच्या पाठीवर आला. "हे तुला आधी कळलं असतं तर फिल्टर बदलायला सांगितलं नसतंस, होय ना?"

निनाद दोघींच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याची सावली पाण्यात पडली होती, हलत होती. ऋजुतानं त्या सावलीकडेच बघत उत्तर दिलं, कारण तोंडाकडे बघून ते तिला कधीच जमलं नव्हतं.

"नाही, माई. कळलं असतं तरी सांगितलं असतं. सभेत मी बोलले त्यातलं एकही कारण माझं नव्हतं. निनाद, मी शर्वरीवर जळते. ज्या मुलीनं मला बुडताना वर काढलं तिच्यावर, ती मेल्यावरसुद्धा, रोज सकाळी. ती रेघ चढली की तुझा चेहरा जसा होतो, तसा माझ्यासाठी एकदाही झालेला मी पाहिला नाही. मला तो हवा होता. नाही मिळाला, म्हणून मला ती साय उकळून टाकायची होती."